कंपनीची उचल आणि कॉलेजचा नियम

एका तरुण सहायक प्राध्यापकांनी विचारलंय: "आमच्या मेडिकल कॉलेजात औषध कंपन्यांशी असलेल्या संबंधांबद्दल धोरण लिहायचं काम माझ्याकडे आलंय. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, पेन, डायरी, सीएमईचं (डॉक्टरांच्या सतत वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमाचं) जेवण यानं कुणी विकला जात नाही. 'प्रत्येकाने आपले हितसंबंध जाहीर करावेत' एवढी एक ओळ लिहा आणि विषय संपवा. तेवढं पुरेल का? नसेल तर धोरणात काय असावं?" विचारणारे मूळचे निपाणीचे आहेत. मी या सीमाभागात तीस वर्षं औषधशास्त्र शिकवलंय आणि त्यातली बरीच वर्षं रुग्णालयाच्या औषध समितीवर काढली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

डॉक्टर, एका ओळीनं भागणार नाही. का, ते तुमच्या गावातल्या शब्दानंच सांगतो. उचल म्हणजे काय हे निपाणीत कुणाला समजावावं लागत नाही. तंबाखूच्या लावणीला व्यापाऱ्यानं हातात पैसे दिले की माल निघाल्यावर दुसऱ्याच्या दारात जायची सोय राहत नाही. ऊसतोडीच्या टोळीचंही तेच, मुकादमानं उचल दिली की त्या हंगामात कोयता त्याच्याच कारखान्यासाठी चालतो. तिथं निदान दोघांनाही ठाऊक असतं की ही उचल आहे आणि ती फेडायची आहे. डॉक्टरला मिळते ती उचल कुठल्या वहीत लिहिलेली नसते. घेणाऱ्यालाही ती उचल वाटत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं फिटत राहते आणि फेडतो पेशंट.

"आम्ही विकले जात नाही" हे ज्येष्ठ मनापासून बोलतात, यात शंका नाही. अमेरिकेत २००१ साली निवासी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले होते: कंपन्यांच्या प्रचाराचा तुमच्या औषधं लिहिण्यावर परिणाम होतो का, आणि तुमच्या सहकाऱ्यांच्या लिहिण्यावर होतो का? माझ्यावर होत नाही असं ६१ टक्के म्हणाले. सहकाऱ्यांवरही होत नाही असं म्हणणारे फक्त १६ टक्के निघाले. ही माणसं खोटं बोलत नव्हती. स्वतःचा हात कुठं वळतोय ते स्वतःला दिसत नाही, एवढंच.

माझंही तसंच झालं. निवासी डॉक्टर असताना आमच्या ड्युटी रूममध्ये भिंतीवरचं घड्याळ एका कंपनीचं, टेबलावरचं पॅड तिचंच, आणि परीक्षेसाठी लागणारं जाडजूड पुस्तकही तिच्याच माणसानं आणून दिलेलं. पुस्तक महाग होतं. घरून पैसे मागवायची लाज वाटायची, म्हणून मी ते घेतलं. त्याच सुमारास त्या कंपनीची रक्तदाबाची नवी गोळी आली आणि मी ती लिहू लागलो. जांबोटीकडचे एक काका ओपीडीत यायचे, त्यांनाही लिहिली. दोन महिन्यांनी ते आले तेव्हा प्रेशर १८०/११० होतं. गोळ्या घेता ना, म्हणून विचारलं तर त्यांनी कनवटीचा रुमाल सोडला. आत घडी घातलेलं दुकानाचं बिल होतं आणि निम्मी भरलेली पट्टी.

"रोजची परवडंना ओ डॉक्टर, म्हणून एक दिवसाआड घेतली."

हायड्रोक्लोरोथायझाइडची जुनी, स्वस्त गोळी आमच्याच रुग्णालयाच्या कपाटात होती आणि काकांना ती चाललीही असती. मला कुणी पैसे दिले नव्हते, कुणी दमही दिला नव्हता. लिहिताना पहिलं नाव तेच आठवलं, इतकंच घडलं होतं. ती पट्टी मी आजही विसरलेलो नाही, आणि धोरणाचा प्रश्न आला की आधी तीच डोळ्यांसमोर येते.

आता कायदा कुठवर पोचतो ते बघू. त्यात एक मोठी फट आहे आणि तुमचं कॉलेज नेमकं त्या फटीत उभं आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये ६.८ हे कलम आलं. कंपनीकडून भेटवस्तू, प्रवास, राहण्याची सोय, रोख रक्कम घ्यायची नाही, असं ते सांगतं. २०१६ मध्ये त्याला शिक्षेचं कोष्टक जोडलं गेलं: १,००० ते ५,००० रुपयांच्या भेटीला ताकीद, पुढं रकमेप्रमाणे तीन महिने, सहा महिने, वर्षभर नोंदणी रद्द, आणि लाखाच्या वर गेलं तर वर्षापेक्षा जास्त. पण त्याच वेळी डॉक्टरांच्या संघटनांना त्या कलमातून वगळलं. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २ ऑगस्ट २०२३ ला नवी, जास्त कडक नियमावली काढली आणि तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ती स्थगितही केली. त्यामुळं आज लागू आहे ती २००२ चीच संहिता.

ही संहिता डॉक्टरपुरती झाली. कंपन्यांसाठी केंद्राच्या औषधनिर्माण विभागानं १२ मार्च २०२४ ला एकसमान विपणन संहिता काढली. डॉक्टरला किंवा त्याच्या कुटुंबातल्या कुणालाही भेट नाही, वक्ता नसेल तर प्रवासखर्च नाही, परदेशात सीएमई नाही. नमुन्यांनाही मर्यादा घातली: एका औषधाची एका डॉक्टरला वर्षाला बारापेक्षा जास्त पाकिटं नाहीत आणि एका पाकिटात तीन रुग्णांना पुरेल इतकाच साठा. मात्र पुस्तकं, डायऱ्या, कॅलेंडर अशा वस्तू प्रत्येकी १,००० रुपयांपर्यंत चालतात. आणि तक्रार करायची झाली तर ती जाते कंपन्यांच्याच संघटनेच्या नीती समितीकडे. त्याआधी २२ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपनीला आयकरात वजा दाखवता येणार नाही, कारण जे घेणं डॉक्टरला मना आहे ते देणंही धंद्याचा रास्त खर्च ठरत नाही.

म्हणजे एक नियम डॉक्टरला धरतो आणि दुसरा कंपनीला. मधल्या संस्थेला कोण धरतं? उलट २०२४ च्या संहितेप्रमाणे सीएमई ज्यांच्यामार्फत घेता येते त्या यादीत वैद्यकीय महाविद्यालयं आहेतच. कंपनीला आता हॉटेलपेक्षा तुमचा सेमिनार हॉल हवा आहे आणि तुमच्या विभागाचं नाव हवं आहे. ही फट तुमच्या धोरणानंच बुजवायची आहे. "कायदा आहेच की, वेगळं धोरण कशाला" असं कुणी म्हटलं तर हे उत्तर द्या.

जाहीर करण्याबद्दल. ते हवंच, पण त्यावर थांबू नका. २००५ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी प्रयोग केला. सल्ला देणाऱ्यांना आपले हितसंबंध आधी सांगायला लावले, तर त्यांचा सल्ला आणखी कलता झाला. सांगून टाकलं की मनावरचं ओझं उतरतं आणि माणूस मोकळा होतो, असं काहीसं घडतं. ऐकणारा त्या कबुलीचा हिशेब पुरेसा धरतच नाही. खानापूरहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या बाईला, डॉक्टरांनी अमुक कंपनीकडून मानधन घेतलंय हे कळून तिनं करायचं काय? ती दुसरीकडं जाणार आहे का? वक्त्यानं पहिल्या स्लाइडवर तीन सेकंद दाखवलेली कबुली तर मागच्या रांगेत वाचताही येत नाही.

मग धोरणाचा मुख्य भर कुठं असावा? शिकण्याच्या वर्षांवर. तिशीपस्तिशीतल्या प्राध्यापकांच्या सवयी मोडायला जड जातात, पण विद्यार्थ्याच्या आणि पीजीच्या (पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या) सवयी अजून घडायच्या असतात. याला पुरावा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भेटींवर बंदी असलेल्या अमेरिकन मेडिकल स्कूलमधून बाहेर पडलेल्या डॉक्टरांचं लिहिणं तपासलं होतं. मनोविकारावरच्या तीन नव्या औषधांपैकी दोन त्यांनी लक्षणीय कमी लिहिली, आणि बंदी जितकी कडक किंवा जितकी वर्षं अनुभवलेली, तितकं प्रमाण आणखी घटलं. कॉलेज सोडून बरीच वर्षं झाली तरी हा फरक टिकला, हे मला फार मोलाचं वाटतं. भेटी बंद करण्याची तिथली ही चळवळ बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांनी उभी केली. त्यांच्या संघटनेनं २००७ पासून प्रत्येक मेडिकल स्कूलच्या धोरणाला परीक्षेसारखी श्रेणी द्यायला सुरुवात केली, आणि हार्वर्डसारख्या संस्थेलाही नापासाचा शेरा मारला. आपल्याकडं विद्यार्थ्यांना असं काही विचारायची मुभा आहे का, हे धोरण लिहिताना स्वतःला विचारा.

म्हणून भेटींबाबत मी शून्याच्या बाजूचा आहे. १,००० रुपयांची मर्यादा संहितेत असली तरी कॉलेजनं ती घेऊ नये. मर्यादा घातली की पुढची सगळी चर्चा किमतीवर जाते, आणि हे पुस्तक ९५० चं की १,१०० चं यावर समितीचा तास जातो. छोट्या वस्तूनं काही होत नाही, हा समजही तपासून घ्या. २०१६ च्या एका अमेरिकन अभ्यासात २,७९,६६९ डॉक्टरांच्या नोंदी पाहिल्या. ज्यांनी कंपनीचं २० डॉलरच्या आतलं एक जेवण घेतलं होतं, त्यांच्या चिठ्ठ्यांत त्या कंपनीचं ब्रँड जास्त होतं, आणि जेवणं वाढली तसं प्रमाणही वाढलेलं होतं. जेवणामुळंच लिहिलं असं त्यातून सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण "एका जेवणानं काय होतंय" असं ठामपणे म्हणायलाही मग आधार उरत नाही. तुमच्या धोरणात शून्य म्हणजे शून्य असू द्या: पेन नाही, पॅड नाही, पीजींच्या निरोपसमारंभाचं जेवण नाही, गॅदरिंगच्या बॅनरवर कंपनी नाही. पुस्तकांची गरज मात्र खरी आहे, ती नाकारू नका. त्याऐवजी पीजींसाठी ग्रंथालयात जास्त प्रती ठेवण्याची तरतूद त्याच ठरावात करून घ्या. मी ते पुस्तक घेतलं तेव्हा ग्रंथालयात एकच प्रत होती आणि ती कायम वरिष्ठांकडं असायची.

एमआरच्या, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या, प्रवेशाबद्दल लिहिताना भाषा जपून वापरा. ही आपलीच मुलं आहेत, खानापूर, चंदगड, गडहिंग्लजची, बीएस्सी किंवा बीफार्म झालेली. बेळगावच्या जुलैतल्या पावसात गाडीवर फिरतात, बॅगेला प्लास्टिक गुंडाळलेलं असतं, आणि ओपीडी संपायची वाट बघत दोन दोन तास भिंतीला टेकून उभी असतात. वरून टार्गेट असतं. डॉक्टर "लिहितो, लिहितो" म्हणाला तरी त्यांना केमिस्टकडं जाऊन कुणाच्या किती चिठ्ठ्या आल्या याची नोंद काढून वर कळवावीच लागते. या नोंदीबद्दल बहुतेक पीजींना पत्ताच नसतो. आपण काय लिहितो हे आपल्या प्राध्यापकांपेक्षा कंपनीला जास्त नेमकं ठाऊक असतं, हे वर्गात सांगितलं की मुलं गप्प होतात. तर नियम असा करा: ओपीडी, वॉर्ड, ड्युटी रूम आणि कँटीनमध्ये एमआरनं कुणाला भेटायचं नाही. आठवड्यातून एक ठरलेली वेळ, ठरलेली खोली, बसायला खुर्ची, आणि समोर औषधशास्त्र विभागाचा माणूस. नव्या औषधाची माहिती तिथं द्यावी, कागद तिथं ठेवावेत. विद्यार्थ्याशी किंवा पीजीशी एकट्यानं बोलणं नाही. ओपीडीच्या दारावर तसा बोर्ड कन्नड आणि मराठी दोन्हींत लावा, म्हणजे रांगेतल्या माणसालाही नियम कळेल. नमुने कुणाच्या ड्रॉवरमध्ये जायचे नाहीत, थेट औषध भांडारात नोंद करून घ्यायचे.

सीएमई बंद करा असं मी म्हणणार नाही. पाच वर्षांत ३० तासांचं शिक्षण संहितेनंच सांगितलंय, आणि अथणी किंवा रामदुर्गच्या डॉक्टरला ते दुसरीकडं कुठं मिळणार? पण पैसा विभागाच्या नावावर येऊ नये. तो संस्थेच्या सामायिक निधीत यावा आणि विषय व वक्ते कॉलेजच्या शिक्षण समितीनं ठरवावेत. हॉलमध्ये एकाच औषधाचं नाव झळकू नये. खरं तर बहुतेक सीएमईंना लागतं तरी काय? हॉल आपला असतो, वक्ते आपले असतात, आणि पोह्यांचा खर्च नोंदणी शुल्कातून निघतो. आम्ही काही वर्षं तसं करून पाहिलं. गर्दी थोडी कमी झाली, प्रश्न जास्त आले.

आता ज्या भागावर बहुतेक धोरणं मौन पाळतात, त्यावर येतो. डॉक्टरच्या खिशातल्या पेनावर तीन पानं लिहिली जातात आणि संस्थेच्या स्वतःच्या औषध दुकानावर एक ओळही नसते. रुग्णालयाच्या आवारातलं दुकान ज्या औषधावर जास्त सवलत मिळते ते ठेवतं, मग वॉर्डात जे आहे तेच लिहायची सवय पडते आणि त्या सवयीलाच पुढं शिक्षण म्हणतात. हा संस्थेचा हितसंघर्ष आहे आणि तो एकट्यादुकट्या डॉक्टरच्या हितसंघर्षापेक्षा मोठा आहे. धोरणात स्पष्ट लिहा की औषधांची यादी औषध समिती ठरवेल, खरेदी विभाग नाही. राष्ट्रीय आवश्यक औषध यादी २०२२ मध्ये ३८४ औषधं आहेत. सुरुवात तिथून करा, आणि यादीबाहेरचं काही हवं असेल तर मागणाऱ्यानं लेखी कारण द्यावं. समितीच्या बैठकीत ज्याचा त्या कंपनीशी काही संबंध असेल त्यानं तो सांगून त्या विषयापुरतं खोलीबाहेर जावं आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. मी सदस्य असताना एका ज्येष्ठांना मी स्वतः बाहेर जायची विनंती केली होती. ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. हे तुमच्याही वाट्याला येईल, तयारी ठेवा. तपासणी केंद्रांच्या कमिशनचं, ज्याला आपण सरळ कट म्हणतो त्याचं, एक वाक्य पुरे: ते २००२ च्या संहितेत मुळातच मना आहे.

संशोधनाच्या बाबतीत मात्र दार बंद करू नका. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या स्वस्त गोळीनं टाळता येतो का, याची चाचणी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बायकांवर झाली आणि २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. अशा रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं होतं. एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका-सुईण) सिस्टरनं द्यायची गोळी, थंड पेटीची गरज नाही. आपल्या मातीत इतकं मोलाचं काम होऊ शकतं. कंपनीबरोबरही चांगलं काम होतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तोच रक्तस्राव टाळण्यासाठीच्या, उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिन या औषधाच्या चाचणीत जागतिक आरोग्य संघटना आणि औषध कंपन्या एकत्र होत्या. भारतासह १० देशांतल्या जवळपास ३०,००० बायका त्यात होत्या, आणि गरीब देशांच्या सरकारी दवाखान्यांना औषध परवडेल अशा दरात देण्याचं कंपनीनं आधीच मान्य केलं होतं. अशी अट करारात घालता येते. तुमच्या धोरणात एवढं असू द्या: करार संस्थेशी, पैसे संस्थेच्या खात्यात, चाचणीची नोंदणी आधी, आणि निकाल काहीही आला तरी छापायचा हक्क आपला. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नीती समितीत निम्मे तरी सदस्य संस्थेबाहेरचे लागतात. ते नुसते सहीपुरते नसावेत.

शेवटी अंमलबजावणी. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या १९ शैक्षणिक रुग्णालयांच्या धोरणांचा अभ्यास आला. भेटींवर नियंत्रण, एमआरच्या प्रवेशावर बंधन आणि नियम मोडला तर काय होईल हे स्पष्ट लिहिलेलं, या तिन्ही गोष्टी ज्या ११ ठिकाणी होत्या, त्यांतल्या ८ ठिकाणी लिहिण्यात खरा बदल दिसला. उरलेल्या ८ ठिकाणांपैकी फक्त एका ठिकाणी. कोण तपासणार, पीजीनं तक्रार कुणाकडं करायची, त्याचं नाव कसं गुप्त राहणार, पहिल्या वेळी काय, दुसऱ्या वेळी काय, हे लिहिलं नाही तर बाकीचे कागद फायलीत जातील. विभागप्रमुखाकडंच विभागाची तक्रार जावी अशी रचना करू नका. परीक्षेचे गुण त्यांच्याच हातात असतात, कुठला पीजी तोंड उघडेल?

आणि मसुदा मंजूर व्हायची वाट बघत बसू नका. दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात औषधांच्या जाहिरातपत्रकाचं चिकित्सक वाचन आधीपासून आहे, बहुतेक ठिकाणी ते जर्नलमध्ये उतरवून घेण्यापुरतं होतं. तुमच्या पुढच्या प्रात्यक्षिकाला विभागातल्या ड्रॉवरमधली खरी पत्रकं काढून मुलांपुढं ठेवा. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते बघायला लावा, तळातल्या बारीक अक्षरातला संदर्भ शोधून वाचायला लावा, आणि दहा दिवसांच्या गोळ्यांची किंमत जनऔषधीच्या, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त दुकानाच्या, किमतीशेजारी फळ्यावर लिहायला सांगा. मग एकाला विचारा की तंबाखूच्या रानात रोज राबणाऱ्या बाईच्या किती दिवसांच्या मजुरीत हे बसतं. निपाणीची मुलं वर्गात असतील तर तो आकडा ती तोंडावर सांगतील.